सुईदोरा : आधी नेफा, मग बाजू

मे महिना लागला की माझ्याकडं येणाऱ्या पत्रांची जात बदलते. एरवी ब्लाऊजचा गळा उतरतो, बाही काखेत ओढते, परकराला घेर किती ठेवायचा, असलं असतं. सुट्टीत पत्रांतनं पोरं डोकावतात. यंदा तर सहा पत्रांत मिळून वस्तू एकच, नाडीची पिशवी. कुणी बटवा म्हणतंय, कुणी थैली, कागलचे आजोबा चंची म्हणतात. शिवण तीच आहे, म्हणून ह्या वेळचं सगळं सदर तिलाच देऊन टाकते. ब्लाऊजवाल्या ताईंनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची, मुलगा अकराचा. बुद्धिबळाच्या सोंगट्या आणि सागरगोटे ठेवायला दोघांना बटवा करायचा होता. मोबाईलवर बघून तिघांनी दुपारभर बसून शिवला. सगळं झाल्यावर नाडी घालायला गेलो, तर नाडीला जायला वाटच नाही. बाजूच्या शिवणीत नेफ्याचं तोंड बंद झालं होतं. मी कात्रीनं भोक पाडलं, ते उसवत गेलं, मुलगी रडली. मला बटण लावण्यापलीकडं काही येत नाही. मशीनही नाही. सोप्यात सोपं कसं करायचं?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, नेफ्याचं तोंड मी पण बंद केलंय, आणि तेही घरात नाही, शिवणकामाच्या परीक्षेत. सतरा वर्षांची होते. टाके इतके सरळ आले होते की परीक्षक बाईंपुढं पिशवी ठेवताना मान ताठ. बाईंनी पिशवी उलटीसुलटी केली आणि विचारलं, "नाडी कुठनं घालणार, आभाळातनं?" त्याला आता पन्नास वर्षं झाली. मी ती चूक परत केली नाही, पण शिकवताना पोरींच्या हातनं झालेली शेकड्यानं बघितली. पिशवी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं उशीचा अभ्रा येतो. दोन्ही बाजू शिवायच्या, मग तोंड दुमडायचं. नाडीच्या पिशवीला हा क्रम उलटा लागतो. आधी नेफा, मग बाजू, आणि बाजू शिवताना नेफ्याच्या खालीच थांबायचं. एवढं सांभाळलं की बाकी काही वाकडंतिकडं झालं तरी पिशवी बंद होते.

आता कपडा. विकत आणू नका. कोल्हापुरात ज्या घरात ओटीच्या ब्लाऊजपीसांची चळत नाही असं घर मी तरी बघितलेलं नाही. नवरात्र झालं, चैत्रातलं हळदीकुंकू झालं की चळत वाढते, आणि त्यातला एखादा पीस तीन घरं फिरून आपल्याकडंच परत येतो. मात्र त्यातले निम्मे पॉलिस्टरचे असतात. ते हातात सरकतात, कडेनं सुटतात, आणि लहान बोटांना त्यात सुई घालणं म्हणजे शिक्षा. ओळखायचं कसं? कडेचे दोन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि गॅसवर न्या. हे तुम्ही करायचं, पोरांनी नुसतं बघायचं. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. पॉलिस्टर वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी धरतो. माझ्या नातवाला पिशवीपेक्षा ह्याच खेळाचं वेड लागलं होतं, घरातल्या सगळ्या पडद्यांचे धागे मागत फिरत होता. सुती पीस नसलाच तर साधं पॉपलिन घ्या. इचलकरंजी आपल्या दारात आहे, तिथं पॉपलिनला तोटा नाही. 1904 साली तिथं पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासूनची ती खडखड आहे. आणलेला कपडा आधी पाण्यातनं काढून वाळवा. नवीन सुती कपडा पहिल्या धुण्यात आटतो. शिवल्यावर आटला तर नेफा चुण्या धरतो.

मोजमाप इंचात सांगते, कारण आमच्या पिढीचं डोकं इंचातच चालतं. 10 इंच रुंद आणि 24 इंच लांब अशी एकच पट्टी. तळाला शिवण नकोच, तिथं घडी येते. कापताना कात्री फक्त टोकाला अर्धा इंच मारा आणि पुढचा कपडा पोरांच्या हातात द्या. दोघांनी दोन बाजू धरून फाडायचा. टर्रर्र. चांगलं सुती पॉपलिन धाग्याच्या वाटेनं सरळच फाटतं, कात्रीनं कापलेलं तेवढं सरळ येत नाही. माझे वडील शाहू मिलमध्ये होते, 1906 साली शाहू महाराजांनी काढलेली गिरणी ती. घरी आले की हातातला कुठलाही कपडा आधी उभा ओढायचे, मग आडवा, मग तिरका. उभा ताण्याचा धागा हलत नाही, आडवा बाण्याचा जरा देतो, तिरका कपडा रबरासारखा ओढला जातो. पिशवी तिरकी कापली गेली तर कितीही छान शिवा, भरल्यावर पिळवटते. पोरांना हे तोंडी सांगू नका. कपडा हातात देऊन ओढायला लावा.

पट्टीच्या चारही कोपऱ्यांपाशी, लांब बाजूच्या कडेला, टोकापासून 3 इंचांपर्यंत अर्धा इंच कपडा आत दुमडा आणि त्यावर धावदोरा घाला, म्हणजे सुई आत-बाहेर करत साधे सरळ टाके. ह्या चार बारक्या दुमडी म्हणजे नाडीची दारं. तुमच्या पिशवीत ह्याच राहिल्या होत्या. मग पट्टीचं एक टोक घ्या. आधी अर्धा इंच आत दुमडून नखानं दाबा, मग परत 1 इंच दुमडा. टाचण्या आडव्या लावा. दुमडीच्या खालच्या कडेलगत शिवण घाला. दुसऱ्या टोकाला तसंच. झाले दोन नेफे, आणि पिशवी अजून झालेलीच नाही, नुसती पट्टी आहे. नाडी आत्ताच पिनेनं एकदा घालून बघा. जाते? मग पुढं चला.

नेफ्याची शिवण मात्र मुलाकडं द्या, अकरा वर्षांच्या. टाके लहानमोठे असू देत, त्यानं काही बिघडत नाही. पण ती ओळ वर सरकली तर नेफा अरुंद होतो आणि नाडी तिथंच अडते. मोजपट्टी ठेवून पेन्सिलीनं पाव-पाव इंचावर ठिपके काढून द्या. एका ठिपक्यातनं सुई आत, पुढच्यातनं बाहेर. मुलीला सांगा, रांगोळीचे ठिपके जोडायचेत. ओळ संपली की त्याच ठिपक्यांतनं उलटं परत यायचं, म्हणजे मधल्या रिकाम्या जागा भरतात आणि हाताची शिवण मशीनसारखी सलग दिसते. वजन पेलायलाही ती एकेरी धावदोऱ्यापेक्षा किती तरी बरी.

सुई मोठ्या नाकाची घ्या, वाकळ शिवायची असते ना, तिच्यापेक्षा जरा बारीक. दोरा दुहेरी, आणि दुहेरी करून हातभर, जास्त नाही. पोरांना वाटतं लांब दोरा घेतला की सारखा ओवायला नको. मग तो गुंततो, गाठी पडतात, आणि गाठ सोडवण्यात जी चिडचिड होते तिथंच बहुतेक पिशव्या अर्ध्या राहतात. मेणबत्तीवरनं दोरा एकदा ओढून घ्या, गुंता बराच कमी होतो.

आता पट्टीची सुलट बाजू आत येईल अशी मधोमध घडी घाला, दोन्ही नेफे एकमेकांवर. बाजू शिवायला वरनं सुरुवात करा, नेफ्याच्या शिवणीखाली पाव इंच सोडून. पहिले दोन टाके जागच्या जागी, कारण नाडी ओढताना सगळा ताण तिथंच येतो. कडेपासून अर्धा इंच आत, सरळ खाली घडीपर्यंत. दुसरी बाजू तशीच. ही सरळ लांब शिवण आठ वर्षांच्या मुलीची. कडेचे धागे सुटत असतील तर कडेवरनं दोरा गुंडाळत न्या, नाहीतर सोडून द्या, आत कोण बघतंय. सुलट करा. कोपरे पेन्सिलीच्या बोथट टोकानं बाहेर काढा. कात्रीच्या टोकानं काढू नका, कोपरा फुटतो आणि परत रडारड. हाताशी 9 इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच पिशवी येते. बत्तीस सोंगट्या आणि वर सागरगोटे, सगळं मावतं.

नाड्या दोन. पिशवी 9 इंच, म्हणजे पुढनं-मागनं 18, आणि गाठीला-धरायला 8, एकूण 26 इंचांची एक. परकराच्या एका नाडीत दोन्ही होऊन उरतात. पहिल्या नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावायची, उजवीकडच्या दारानं पुढच्या नेफ्यात शिरायचं, डावीकडं बाहेर पडून मागच्या नेफ्यात, आणि परत उजवीकडंच बाहेर. दोन्ही टोकांना मिळून एक गाठ. दुसरी नाडी डावीकडनं शिरते, सगळं फिरून डावीकडंच निघते. मग एका पोरानं एक गाठ धरायची, दुसऱ्यानं दुसरी, आणि ओढायचं. पिशवीचं तोंड मिटतं ना, तेव्हा पोरांची तोंडं उघडी राहतात. पुढचा अर्धा तास उघड-मीट, उघड-मीट चालणार आहे. त्यावेळी चहा करून घ्या.

आणि ती पहिली पिशवी टाकू नका. नेफ्याच्या बरोबर खाली आडवी कापा, खालच्या पिशवीची बाजूची शिवण वरनं 3 इंच उसवा, तिथं नवीन नेफा घाला. उंची जराशी कमी होईल, सागरगोट्यांना पुरे.

प्रश्न : नातू सहा वर्षांचा आहे, डावखुरा आहे. माझ्या वडिलांकडं पानाची चंची होती, तशी करायची म्हणून मागं लागलाय. मी जुन्या काळी सैन्यात होतो, बटणं, पट्टे, सगळं स्वतः शिवायचो. पण घरातली माणसं हसतात, पोराला कशाला बायकी कामं शिकवताय म्हणून. दुसरं म्हणजे, डाव्या हाताला सुई कशी शिकवायची?
– एक आजोबा, कागल

उत्तर : आजोबा, हसणाऱ्यांना घेऊन एकदा कोल्हापुरातनं फिरून या. पेठांमधल्या शिलाईच्या दुकानांत मशीनवर वाकलेली पाठ बहुतेक वेळा पुरुषाचीच दिसेल. मंडपवाला जाड कनात शिवतो, चर्मकार चपलेला टाका घालतो, ते कुणाला बायकी वाटत नाही. तालमीतल्या पैलवानाचा लंगोट तरी कुणी शिवलेला असतो? तुम्ही फौजेत शिवत होता हे त्यांना एकदा सांगितलंत तर पुरे, मला अजून काही बोलायला लावू नका.

डाव्या हाताचं सोपं आहे. त्याच्या शेजारी बसू नका, समोर बसा. तुम्ही उजव्या हातानं उजवीकडनं डावीकडं जाता, त्याला ते आरशात दिसतं तसं दिसेल आणि तो आपोआप डावीकडनं उजवीकडं जाईल. त्याची सुरुवात डाव्या टोकाला, एवढंच लक्षात ठेवा. अडचण सुईची नाहीच, कात्रीची आहे. आपली साधी कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं रेघ झाकतं आणि पाती एकमेकांपासून फाकतात, कपडा कापण्याऐवजी मध्ये दुमडतो. पोर म्हणतं मला जमत नाही, आणि खरा दोष कात्रीचा. तेव्हा त्याच्यासाठी फाडायचा कपडा घ्या, नाहीतर कापणं तुम्ही करा.

सहा वर्षांच्या हाताला नेफा जड जातो. त्याला गोल बटवा करू द्या. मोठं ताट कपड्यावर पालथं घालून पेन्सिलीनं गोल काढायचा. कापला की कडेपासून बोटभर आत, सगळीकडनं जाड दोऱ्याचा मोठा-मोठा धावदोरा, आणि टाक्यांची संख्या सम ठेवायची म्हणजे दोऱ्याची दोन्ही टोकं एकाच बाजूला बाहेर येतात. दोन्ही टोकं धरून ओढलं की ताटाचा मोदक होतो. शिवणच नाही, बाजू नाही, तळ नाही. कडेचे धागे सुटतील, म्हणून मांजरपाटासारखा जाड सुती कपडा बरा. पानाच्या चंचीला आत कप्पे असायचे, ते पुढच्या वर्षी. ह्या वर्षी त्याच्या गोट्या मावल्या की झालं.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीचा वर्ग, 34 मुलं, कात्र्या तीन, तास 35 मिनिटांचा. कार्यानुभवात नाडीची पिशवी घ्यायची आहे. कपडा किती आणायचा आणि वेळेत कसं बसवायचं?
– एक शिक्षिका, भुदरगड तालुका

उत्तर : बाई, एका तासात करायला जाऊ नका, चार तास धरा. आणि कात्र्या तीनच आहेत हे बरंच आहे.

हिशेब असा. वर्गासाठी पिशवी लहान ठेवा, पट्टी 6 इंच रुंद, 16 इंच लांब. तयार पिशवी 5 इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच होते. 36 इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, पॉपलिन घेतलं तर पन्ह्यात 6 पट्ट्या बसतात. अशा 6 ओळी म्हणजे 36 पट्ट्या, 34 मुलांच्या आणि दोन शिल्लक, कारण दोन तरी बिघडणारच. 6 गुणिले 16 म्हणजे 96 इंच, जवळजवळ अडीच मीटर. धुतल्यावर आटणार म्हणून पावणेतीन घ्या. पन्हाही थोडा आटतो, पट्टी चिमूटभर कमी भरली तर भरू दे. नाडी प्रत्येकी एकच, 18 इंचांची. ती दोन्ही नेफ्यांतनं फिरून जिथनं शिरली तिथनंच बाहेर येते. 34 मुलांना साडेपंधरा मीटर लागते, 16 मीटर आणा. शिवण वर राजारामपुरीच्या ताईंना सांगितली तीच.

पहिल्या तासाला फाडणं आणि बाजूच्या चार बारक्या दुमडी. दुसरा आख्खा नेफ्याला. तिसऱ्याला बाजू. चौथ्याला नाडी, आणि ज्यांचं मागं राहिलंय त्यांचं पुरं करणं. ठिपके काढायचं काम तुम्ही घरी करत बसू नका, रात्र जाईल. ज्यांचं अक्षर चांगलं अशी चार मुलं निवडा, ती मधल्या सुट्टीत आनंदानं काढतात.

सुयांचं मात्र कडक ठेवा. जुन्या घोंगडीचा पट्टा घ्या, त्यावर 1 ते 34 आकडे घाला, प्रत्येक आकड्याला एक सुई. तास सुरू होताना ज्याची त्यानं काढायची, संपताना ज्याची त्यानं टोचायची, आणि घंटा झाली तरी पट्टा भरल्याशिवाय कुणी उठायचं नाही. हे मी फार उशिरा शिकले. एका शनिवारी सकाळच्या शाळेत माझ्या वर्गात एक सुई कमी भरली. मी सगळ्या पोरींना बाकावर उभं केलं, सतरंजी झटकली, केरसुणी फिरवली, चुंबक आणायला शिपायाला पिटाळलं. वीस मिनिटं. मग मागच्या बाकावरची एक बारकी पोरगी भीत भीत म्हणाली, "बाई, तुमच्या पदराला कायतरी चमकतंय." दोऱ्यासकट लटकत होती. त्या दिवसापासून पट्ट्यावर पस्तिसावा आकडा घातला, माझा स्वतःचा.

प्रश्न : मुलगा बालवाडीत जातो. त्याच्या स्टीलच्या गोल डब्यासाठी नाडीची पिशवी शिवायची आहे. माप कसं काढायचं? नाडी लांब ठेवून गळ्यात अडकवून पाठवली तर हरवणार नाही, असं मनात आहे.
– एक आई, शाहूपुरी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. गळ्यात नाडी नको. घसरगुंडीला, दाराच्या कडीला, रिक्षाच्या दांडीला अडकते, आणि बालवाडीतल्या पोराला स्वतःची मान सोडवता येत नाही. पिशवी दप्तरात जाऊ दे. हरवली तर हरवली, दुसरी शिवू. तीन वर्षांच्या आतलं भावंडं घरात असेल तर नाडीची पिशवी त्याच्या हाती खेळायलाही देऊ नका.

माप डब्यावरनंच घ्या. नाडी डब्याभोवती गुंडाळा. समजा घेर 14 इंच भरला. त्याच्या निम्मे 7, डबा आत-बाहेर करायला 2 सैल, झाले 9, आणि दोन्ही शिवणींचा मिळून 1. पट्टी 10 इंच रुंद. उंचीला बायका चुकतात, डब्याएवढीच धरतात. डबा तळाला बसला की कपडा दोन्ही बाजूंनी त्याच्या बुडाखाली जातो, आणि वर नाडी ओढल्यावर तेवढाच कपडा झाकणावर यावा लागतो. डबा 5 इंच उंच आणि साडेचार इंच रुंद असेल तर 5, खाली सव्वादोन, वर सव्वादोन, आणि नेफ्याचा 1. साडेदहा. त्याची दुप्पट 21, अधिक दोन्ही टोकांच्या दुमडी दीड-दीड इंच, 24. म्हणजे वरची बुद्धिबळाची पिशवी तुमच्या डब्यालाही चालते, बघा. मी तेच माप उगाच दिलं नव्हतं.

आमटी सांडली तर? सांडणारच आहे. म्हणून गडद रंगाचा कपडा आणि दोन पिशव्या, एक दोरीवर, एक दप्तरात.

प्रश्न : बाजारात नायलॉनची रंगीत गोल दोरी मिळते. दिसायला छान आहे, पण गाठ सुटते आणि दोरी नेफ्यात गायब होते. काय करावं?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : परकराची सुती चपटी नाडी वापरावी. नायलॉन गुळगुळीत, गाठ धरत नाही. हौसच असेल तर टोक मोठ्या माणसानं ज्योतीजवळ धरून वितळवावं, आणि साध्या गाठीऐवजी भोकाचा मोठा मणी ओवून त्याच्या पुढं गाठ मारावी. नाडी आत गेलीच तर सगळी उपसू नका. कुठं थांबलीय ते बोटांनी चाचपा, तिच्यामागचा कपडा चिमटीत धरा आणि नेफा चुण्या करत दाराकडं सारत आणा. महाद्वार रोडला लेस-बटणांच्या दुकानांत सुती नाडी वारावर मिळते, रंगही पुष्कळ असतात.

प्रश्न : आईची एक इरकल माझ्याकडं आहे. आई गेली त्याला चार वर्षं झाली. साडी घडीवर विरलीय, नेसता येत नाही. मुलींना आजीची आठवण म्हणून प्रत्येकीला तिचा एकेक बटवा करावा, त्यांनी स्वतः शिवावा, असं वाटतं. पण कात्री लावायला हात होत नाही. मुली नऊ आणि बारा वर्षांच्या.
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : मग ह्या सुट्टीत लावू नका. मुलींना आधी पॉपलिनच्या दोन-दोन पिशव्या शिवू द्या. पहिल्या पिशवीत सगळ्यांच्याच चुका होतात, आणि आजीच्या साडीवर चूक झाली तर ती पोरगी मोठेपणीही विसरत नाही. तुम्हीही नाही.

साडी बाहेर काढा, उजेडासमोर धरा. विरलेली जागा जाळीसारखी दिसते. घडीच्या रेघा गेल्यात म्हणता, तर त्या सोडून मधला कपडा बोटांनी हलका ताणून बघा. आवाज आला तर गेला. इरकलीचं अंग आणि पदर ह्यांचे ताणे वेगवेगळे असतात, एकमेकांत फास घालून जोडलेले. त्या जोडापाशी कात्री कधीच लावायची नाही, फास सुटत जातात आणि पदर हातात येतो. पदर आख्खा ठेवा, मऊ सुती कापडात गुंडाळून, आणि दर वर्षी घडी बदला.

काठ बहुधा टिकलेला असतो. त्याची दीड-दोन इंचांची पट्टी काढा आणि पॉपलिनच्या पिशवीवर नेफ्याच्या खाली आडवी लावा, दोन्ही कडांनी बारीक टाके घालून. ही पट्टी पिशवी सपाट असतानाच लावायची, बाजू शिवायच्या आधी. अंगाचा चांगला तुकडा निघाला तर पिशवीचं बाहेरचं कापड तो करा, पण आत पॉपलिनचं अस्तर द्या. दोन्ही कापडं एकावर एक ठेवून कडेनं मोठा कच्चा धावदोरा घालायचा आणि मग एकच कापड समजून शिवायचं. वजन अस्तर पेलतं, इरकल नुसती दिसते. नाडी ओढणार त्या नेफ्याला साडीचा कपडा वापरू नका, तो घासून महिन्यात जाईल.

बाकी उरलेल्या अंगाची वाकळ होते. त्याबद्दल हवं असेल तर परत लिहा, पण पावसाळ्यात. त्यावेळी मला पण घरात बसून काम लागतं.